रेहिअरचा नवस

"पाच तास तरी लागतील," नर्स म्हणाली. "इथे बसून राहू नका. जरा पाय मोकळे करून या, तुमचा नंबर आहे आमच्याकडे."

नवऱ्याच्या हृदयाची झडप बदलायची होती. आत जाताना त्याने चष्मा काढून माझ्या हातात दिला, आणि तो तसाच मुठीत धरून मी हॉस्पिटलच्या दगडी दरवाजातून बाहेर पडले. लंडनचं सेंट बार्थोलोम्यू हॉस्पिटल, सगळ्यांच्या तोंडी बार्ट्स. दरवाजावर आठव्या हेन्रीचा पुतळा. समोर स्मिथफील्डचा मांसबाजार पहाटेच उरकलेला, धुतलेल्या रस्त्यावर अजून पाणी होतं. हॉस्पिटलच्या बाहेरच्या भिंतीवर विल्यम वॉलेस या स्कॉटिश लढवय्याच्या स्मरणाची पाटी आहे, त्याला १३०५ साली इथे हालहाल करून मारलं. जवळच दुसरी पाटी आहे ती राणी मेरीच्या काळात याच मैदानात जिवंत जाळलेल्या प्रॉटेस्टंट माणसांची. त्या दिवशी मला या दोन्ही पाट्या वाचायच्या नव्हत्या. मी मान खाली घालून उजवीकडे वळले, आणि घरांच्या रांगेत एक दगडी कमान दिसली. कमानीवर काळ्या लाकडी चौकटींचं, पांढऱ्या गिलाव्याचं छोटंसं घर, जणू कुणी नंतर आणून ठेवलेलं. कमानीतून पलीकडे झाडं दिसत होती, म्हणून आत शिरले.

ती कमान तेराव्या शतकातली आहे. वरचं घर १५९५ सालचं. मधल्या काळात त्याचा दर्शनी भाग झाकला गेला होता, आणि १९१५ साली झेपेलिन या जर्मन हवाई जहाजातून जवळच बॉम्ब पडला तेव्हा वरचं आवरण ढासळून आतलं लाकूड पुन्हा उजेडात आलं. हे मी नंतर वाचलं. त्या सकाळी मला एवढंच कळलं की कमानीतून एक सरळ, अरुंद वाट निघते, कडेला उंचवट्यावर जुनी दफनभूमी आहे, आणि वाटेच्या टोकाला एक बुटकं, विटांच्या मनोऱ्याचं चर्च उभं आहे. आपण रस्त्यावरून चर्चकडे चाललोय असं मला वाटत होतं. खरं तर मी चर्चच्या आतच चालत होते. ती कमान म्हणजे मूळ चर्चच्या दक्षिण बाजूच्या दालनाचा पश्चिम दरवाजा. डावीकडे जिथे थडगी आणि गवत आहे तिथे चर्चचा लांबलचक सभामंडप होता. देवळाच्या भाषेत सांगायचं तर सभामंडप पाडला आणि गाभारा तेवढा ठेवला. सेंट बार्थोलोम्यू द ग्रेट म्हणून आज जे उभं आहे, ते एका मोठ्या मठाच्या चर्चचं पूर्वेकडचं अंग.

आत अंधार होता. लंडनमधली बरीच जुनी चर्चं १६६६ च्या आगीनंतर नव्याने बांधलेली आहेत. ती उजळ, पांढरी, नीटनेटकी असतात. हे तसं नाही. आग इथून हाकेच्या अंतरावर, पाय कॉर्नरला येऊन थांबली. दुसऱ्या महायुद्धातले बॉम्बही याला चुकले. त्यामुळे दार ढकललं की थेट बाराव्या शतकात पाय पडतो. जाड, गोल, बुटके खांब. त्यांच्यावर अर्धगोल कमानी. वर सज्जा, त्यात प्रत्येक मोठ्या कमानीच्या पोटात चार लहान कमानी. त्याच्याही वर खिडक्यांची ओळ, ती पुढच्या काळातली, म्हणून तिथे कमानी टोकदार झालेल्या. वेदीच्या मागून वळत जाणारा प्रदक्षिणापथ आहे. हा शब्द मला तिथेच आठवला आणि त्याने धीर आला. कुठल्याही धर्माच्या घरात, देवाच्या पाठीमागून फिरून येता येईल अशी वाट असली की मला तिथे परकं वाटत नाही. मी दोन फेऱ्या घातल्या.

वेदीच्या उत्तरेला एक समाधी आहे. नक्षीदार दगडी छत, खाली झोपलेली मूर्ती, अंगात मठवासीयांचा काळा झगा, डोक्यावरचे केस मधोमध तासलेले. पायाशी ढाल धरलेला देवदूत. मूर्तीच्या दोन बाजूंना गुडघे टेकलेले दोन चिमुकले साधू, पुढ्यात उघडी पोथी. ही रेहिअरची समाधी. पोथीत बायबलमधल्या यशयाचा एकावन्नावा अध्याय आहे: ओसाड जागांचं देव सांत्वन करील, रानाचं नंदनवन करील.

रेहिअर हा पहिल्या हेन्रीच्या दरबारात वावरणारा माणूस. रोमच्या यात्रेला गेला आणि तिथे तापाने आजारी पडला. मरणाच्या दारात त्याने शब्द दिला की बरा होऊन घरी पोचलो तर गरिबांसाठी एक रुग्णालय बांधीन. परतीच्या वाटेवर त्याला स्वप्न पडलं. चार पायांच्या आणि दोन पंखांच्या एका प्राण्याने त्याला उचलून एका भयंकर उंच कड्यावर नेऊन ठेवलं, आणि तिथे संत बार्थोलोम्यू त्याच्या मदतीला आले. म्हणाले, स्मिथफील्डला माझ्या नावाने चर्च बांध. त्याने दोन्ही बांधलं, ११२३ साली. रस्त्याच्या एका बाजूला हॉस्पिटल, दुसऱ्या बाजूला ऑगस्टिनियन पंथाच्या साधूंची प्रायरी, म्हणजे मठ. आज जिथे माझा नवरा भूल दिलेल्या अवस्थेत टेबलावर होता, ती जागा त्या तापातून आलेली.

या मठातल्याच एका साधूने बाराव्या शतकात ही हकिगत लिहून ठेवली आहे. जागा कशी होती? घाणेरडी, दलदलीची, बाराही महिने पाणी साचलेली, आणि जो एक तुकडा कोरडा होता त्यावर चोरांना फाशी देण्याचा खांब. दगड कोण आणणार? तर रेहिअरने खुळ्याचं सोंग घेतलं, मुलांना आणि नोकरचाकरांना गोळा केलं, आणि हसतखेळत त्यांच्याकडून दगड वाहून घेतले. त्या दिवसापासून हे चित्र माझ्या डोळ्यांसमोरून हललेलं नाही: चिखलात पाय रुतलेली पोरं, प्रत्येकाच्या हातात एकेक दगड, आणि पुढे हातवारे करत चाललेला एक दरबारी माणूस. बाकी संस्थापकांच्या कथांमध्ये राजे असतात, दानपत्रं असतात. इथे पोरं आहेत.

संध्याकाळी कल्याणला आईचा फोन लावला. ती आधीच म्हणाली, "मी नवस बोललेय दुर्गाडीच्या देवीला. जावईबापूंना घेऊन ये, ओटी भरायचीय." मग मी तिला रेहिअरची गोष्ट सांगितली. स्वप्न, कडा, पंखांचा प्राणी, सगळं. तिने शांतपणे ऐकून घेतलं आणि एकच प्रश्न विचारला.

"फेडला का त्याने?"

आई कल्याणची, मी कल्याणची, म्हणून इथे थोडं आडवळण घेते. ज्या संताच्या नावाचं हे चर्च, त्याचा एक धागा आमच्या गावापर्यंत ओढला जातो. चौथ्या शतकातल्या युसेबियस या चर्चच्या इतिहासकाराने लिहून ठेवलंय की पँटीनस नावाचा विद्वान भारतात गेला तेव्हा तिथल्या ख्रिस्ती लोकांकडे त्याला हिब्रू लिपीतलं मॅथ्यूचं शुभवर्तमान मिळालं, आणि ते बार्थोलोम्यूने मागे ठेवलेलं होतं. हा 'भारत' नेमका कुठला? बऱ्याच अभ्यासकांना वाटतं की त्या काळी अरबस्तानाच्या दक्षिण टोकालाही इंडिया म्हणत. काही मात्र कोकणच्या किनाऱ्याकडे, कल्याणच्या परिसराकडे बोट दाखवतात. सहाव्या शतकातल्या कॉस्मस नावाच्या प्रवाशाने कल्याणात इराणहून नेमलेला बिशप असल्याचं लिहिलंय, आणि कान्हेरीच्या लेण्यांत कल्याणच्या व्यापाऱ्यांची दानं कोरलेली आहेतच. म्हणजे बंदर गजबजलेलं होतं एवढं नक्की. बार्थोलोम्यू तिथे उतरला असं म्हणायला माझं मन धजत नाही, पुरावा तेवढा भक्कम नाही. पण स्मिथफील्डच्या अंधारात बसून मनात खाडी आली, एवढं खरं.

पुन्हा इमारतीकडे. पुढच्या भेटींत मी तिच्याकडे जरा शांतपणे पाहिलं, आणि सगळ्यात आवडली ती मनोरा पेलणारी जुनी चौकट, जिथे चर्चचे चार हात एकत्र येतात. तो चौक खरं तर चौरस नाहीच, आयत आहे. लांब बाजूवरच्या कमानी रुंद, पसरट आणि गोल. आखूड बाजूवरच्या कमानींना तीच उंची गाठायची होती, आणि अर्धवर्तुळाची उंची त्याच्या रुंदीनेच ठरते. मग त्या गवंड्यांनी काय केलं, आखूड बाजूच्या कमानींना वर किंचित टोक काढलं. टोकदार कमानींची गॉथिक शैली अजून इथे पोचायची होती. गरज पडली, अडचण सोडवली, आणि टोकदार कमान झाली. पुस्तकात शैली एकामागून एक येतात. इथे एकाच चौकात दोघी शेजारी उभ्या आहेत, आणि दोघींवर सारखाच भार आहे.

दक्षिणेच्या सज्जात एक खिडकी पुढे आलेली दिसते, राजवाड्याच्या झरोक्यासारखी. ती प्रायर विल्यम बोल्टनने बसवली. प्रायर म्हणजे मठाचा मुख्य. १५०५ पासून १५३२ मध्ये मरेपर्यंत हा त्या जागेवर होता आणि वेस्टमिन्स्टर ॲबीतल्या सातव्या हेन्रीच्या चॅपेलच्या बांधकामावरही त्याची देखरेख होती, म्हणजे दगडाची नजर असलेला माणूस. झरोक्याच्या खाली त्याने आपलं नाव चित्रातून कोरून घेतलंय: एक आखूड बाण, म्हणजे बोल्ट, आरपार गेलेलं पिंप, म्हणजे टन. झरोका नेमका रेहिअरच्या समाधीसमोर आहे. बोल्टन इथे बसून खालची पूजा पाहायचा म्हणतात. तो मेला आणि सातच वर्षांत सगळं संपलं.

१५३९ मध्ये आठव्या हेन्रीने मठ बरखास्त केला. सभामंडप पाडला गेला. मठाची जागा रिचर्ड रिचने १५४४ साली १०६४ पौंड, ११ शिलिंग आणि ३ पेन्सला विकत घेतली. थॉमस मोर या हेन्रीच्याच मंत्र्याचा शिरच्छेद झाला, त्याच्या विरुद्ध साक्ष देणारा तोच हा रिच. पूर्वेकडचा भाग वाचला तो एकाच कारणाने: आसपास राहणाऱ्या माणसांना प्रार्थनेला जागा हवी होती, तेव्हा उरलेल्या गाभाऱ्याला गावचं चर्च म्हणून मान्यता मिळाली. १६२८ मध्ये त्यांनी विटांचा साधासा मनोरा बांधला आणि जुन्या पाच घंटा त्यात टांगल्या. त्या घंटा १५१० च्या सुमारास टॉमस बुलिसडनने ओतलेल्या. त्या अजून वाजतात. बोल्टनने त्या ऐकल्या होत्या, आणि मीही ऐकल्या आहेत.

पुढच्या तीनशे वर्षांत मठाच्या उरलेल्या अंगांत काय काय शिरलं याची यादी वाचताना मी थक्क झाले. उत्तरेकडच्या हातात लोहाराचा भाता चालू. ओवऱ्यांमध्ये घोडे बांधलेले. सज्जात शाळा. मागच्या लेडी चॅपेलच्या, म्हणजे मेरीमातेच्या छोट्या प्रार्थनागृहाच्या जागेत छापखाना. १७२५ मध्ये बेंजामिन फ्रँकलिन नावाचा एकोणीस वर्षांचा अमेरिकन पोरगा तिथे सॅम्युअल पामरकडे जवळजवळ वर्षभर खिळे जुळवत होता. नंतर तिथेच झालरी आणि गोंडे विणायचा कारखाना आला, आणि त्याचा वरचा मजला चक्क वेदीच्या डोक्यावर पुढे आलेला. रविवारी पाद्री प्रवचन देतोय, बाकी दिवशी डोक्यावर यंत्रं, शेजारी घणाचे घाव.

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस ॲस्टन वेब या वास्तुविशारदाने हे सगळं एकेक करून बाहेर काढलं. वेदीमागची गोल पाठ पुन्हा बांधली, दोन्ही बाजूंचे हात उभे केले, दर्शनी पडवी केली. आज आपण जे 'बाराव्या शतकातलं' म्हणून पाहतो त्यात त्याचा हात बराच आहे, आणि तो हात त्याने मूळ बांधणीच्या मापात ठेवला, याबद्दल मी त्याची ऋणी आहे. पण मला तो लोहार हवा होता. निदान एक पाटी तरी, भिंतीवर एक काजळीचा पट्टा तरी. मी उत्तरेकडच्या त्या भिंतीजवळ उभी राहून बराच वेळ शोधत होते. त्या माणसांना कुणी वारसदार म्हणत नाही, पण पडक्या भिंतींवर छप्पर राहिलं ते त्यांच्या भाड्याने आणि त्यांच्या गरजेने. रिकामी राहिली असती तर ही अंगंही सभामंडपाच्या वाटेने गेली असती, दगड कुणाच्या तरी तळघरात.

आता स्मारकं. त्या पहिल्या सकाळी मी खरं तर तीच वाचत होते, कारण पाच तास दुसरं काय वाचणार. वॉल्टर मिल्डमे यांचं मोठं रंगीत संगमरवरी स्मारक, १५८९ चं. एलिझाबेथ राणीच्या तिजोरीचे प्रमुख आणि केंब्रिजच्या इमॅन्युएल कॉलेजचे संस्थापक. आपली मूर्ती नाही, बायकोमुलांच्या गुडघे टेकलेल्या रांगा नाहीत, फक्त कुळांच्या ढाली. कडक धार्मिक माणसाला शोभेल असं. मी पुढे सरकले.

पर्सिव्हल आणि ॲग्नेस स्मॉलपेस हे जोडपं भिंतीतून थेट बघतं. त्यांचा लेख सांगतो: आमच्यात स्वतःला पाहा, एके काळी आम्हीही तुमच्यासारखे होतो, आणि काळ येईल तेव्हा तुम्हीही आमच्यासारखी धूळ व्हाल. दुसऱ्या कुठल्याही दिवशी मी यावर मान डोलावली असती. त्या दिवशी राग आला.

एडवर्ड कुक नावाच्या वैद्याचं स्मारक, १६५२ चं. हातात पुस्तक घेतलेला अर्धपुतळा आणि खाली रडण्याची आज्ञा: डोळे अजून कोरडे कसे, हा संगमरवर रडतोय ते पाहा, निदान थांबून दगडाला पाझर फुटताना तरी बघा. आणि तो दगड खरोखर रडायचा. थंड पाण्याच्या तांब्याला बाहेरून पाणी सुटतं तसं, दमट हवेत त्या गार संगमरवरावर थेंब जमायचे आणि ओघळायचे. मग चर्चमध्ये ऊब देणारी यंत्रणा आली, दगड गार राहीना, आणि रडणं थांबलं. मी बोट लावून पाहिलं. कोरडा होता.

आणि मग जॉन आणि मार्गारेट व्हायटिंग. चाळीस वर्षांहून अधिक संसार, बारा मुलं. ती १६८० साली गेली, तो १६८१ साली. शेवटच्या दोन ओळी एका जुन्या कवितेतून उसन्या घेतलेल्या आहेत, थोडक्यात अशा: आधी ती गेली, त्याने थोडे दिवस तिच्यावाचून जगून पाहिलं, जमेना, आणि तोही गेला.

मी ते तीनदा वाचलं. मुठीत चष्मा होता, काचेवर माझ्या बोटांचे ठसे उमटले होते. ते पदराने पुसावेत म्हणून खांद्याशी हात गेला आणि मग आठवलं की अंगात कोट आहे.

दक्षिणेकडच्या हातात एक सोनेरी पुतळा उभा होता. बार्थोलोम्यूला जिवंतपणी सोललं अशी परंपरा आहे, म्हणून तो खाटकांचा आणि कातडं कमावणाऱ्यांचा पाठीराखा. मांसबाजाराशेजारी त्याचं चर्च असणं तसं रास्तच. डेमियन हर्स्टच्या या पुतळ्यात तो आपलीच कातडी हातावर टाकून उभा आहे आणि हातात शस्त्रक्रियेची सुरी आहे. लांबून पाहिलं आणि मागे फिरले. आजतागायत मी त्याच्या जवळ गेलेले नाही.

पंधराव्या शतकातलं बाप्तिस्म्याचं पात्र मात्र आवडलं, साधं आठ कोनांचं. १६९७ मध्ये चित्रकार विल्यम होगार्थचा बाप्तिस्मा यातच झाला. तो याच गल्ल्यांतला. पुढे त्याने बार्ट्स हॉस्पिटलच्या जिन्यावर दोन भव्य चित्रं एक पैसाही न घेता काढून दिली. बारशाच्या पात्रापासून त्या जिन्यापर्यंत चालत पाच मिनिटंही लागत नाहीत.

साडेबाराला फोन वाजला. मी बाहेर पळाले, पडवीत उभी राहून ऐकलं. झडप बसली होती, हृदय आपलं आपण चालू झालं होतं. नर्स आणखी बरंच काही सांगत होती. मला फक्त "आपलं आपण" एवढं ऐकू आलं.

आईला संध्याकाळी मी म्हटलं, "फेडला, आई. आज ज्या हॉस्पिटलात होतो ना, तेच ते."

ती थोडा वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "मग त्याचंही नाव घे हो देवापुढे."

दोन महिन्यांनी नवऱ्याला चालायची परवानगी मिळाली तेव्हा तपासणीनंतर मी त्याला त्या कमानीपाशी घेऊन गेले. ऑक्टोबरचं ऊन होतं, दफनभूमीवर पिवळी पानं. त्याने चष्मा सारखा केला आणि वरचं लाकडी घर पाहून घेतलं. मग आम्ही वाटेला लागलो. कमानीपासून चर्चच्या दारापर्यंतचं ते अंतर तसं काहीच नाही. त्याने तीनदा थांबून श्वास घेतला, आणि तिन्ही वेळा मी त्याला सांगितलं की आपण आत आहोत, ही दक्षिणेची भिंत, हा खांब, इथे छत होतं. तो मान वर करून बघायचा, आणि मग पुढचं पाऊल टाकायचा.